टँकर येणार ही माहिती, टँकर आला नाही ही बातमी

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलले तसंच ठेवलंय. मधल्या चहाच्या घोषणा तेवढ्या काढल्या आहेत.)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, तू आयटीत आहेस तर एआयवर बोल. मी म्हटलं, त्यावर बोलणारे हल्ली लग्नाच्या पंगतीतही भेटतात. मी रेडिओवर बोलते. तर फोनवर पलीकडे जरा शांतता झाली. 'रेडिओ? आता?' असं त्यांना विचारायचं होतं, पण ते सभ्य आहेत, विचारलं नाही. तेव्हा त्याचं उत्तर इथेच देते.

आपला परिपाठ आठवतोय ना? प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, आणि मग बातम्या. आठवीपासून दहावीपर्यंत बातम्या एकाच मुलीने वाचल्या. तिचा आवाज पटांगणाच्या शेवटच्या चिंचेपर्यंत जायचा, माईक बंद पडला तरी. त्या बातम्या लिहून आणायचं काम माझं होतं. सकाळी आजोबांच्या रेडिओवर मराठी बातम्या लागायच्या, मी वहीत खरडायचे, आणि शाळेत येऊन ती वही तिच्या हातात द्यायचे. माझं अक्षर आणि तिचा आवाज अशी आमची वाटणी होती. एकदा माझ्या अक्षरामुळे तिने 'राष्ट्रपती'ऐवजी 'राष्ट्रपिता परदेश दौऱ्यावर' असं वाचलं होतं. मार तिला बसला. त्याबद्दल मी आज सर्वांसमक्ष माफी मागते.

ती आत्ता समोर बसली आहे. 'माझं नाव घेतलंस तर उठून जाईन' असं तिने सकाळीच बजावलंय, म्हणून मी फक्त 'मैत्रीण' म्हणणार. तुम्हाला कळलंच आहे कोण.

दहावीनंतर मी इंजिनिअरिंगला गेले. डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची आणि नोकरी सॉफ्टवेअरची, आमच्या पिढीत हे फार झालं. तिचं लग्न झालं, ती आपल्याच खटाव तालुक्यात राहिली. बचत गट, मग गटांचा संघ, मग त्या संघातल्या बायकांनी मिळून केलेली संस्था. 2018 च्या दिवाळीत मी गावी आले होते, तेव्हा तिने विचारलं, 'तू इलेक्ट्रॉनिक्सची ना गं? मग आम्हाला एक रेडिओ काढून दे.'

तिला विकत आणायचा रेडिओ नको होता. तिला स्टेशन काढायचं होतं.

हे तिच्या डोक्यात आलं ते म्हसवडवरून. शेजारच्या माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी 2008 पासून चालू आहे. ती तिथे कुठल्याशा प्रशिक्षणाला गेली आणि तिथे तिने स्वतःसारखीच, नऊवारीतली बाई माईकसमोर बसलेली पाहिली. पण म्हसवड आपल्यापासून चाळीसएक किलोमीटर. तिथला आवाज आपल्याकडे पोचत नाही, आणि पोचूही नये अशीच नियमाची रचना आहे. सामुदायिक रेडिओ, म्हणजे कम्युनिटी रेडिओ, याला परिणामी ताकद मिळते 100 वॉट. आपल्या लहानपणी ओट्यावर पिवळा बल्ब असायचा ना, तेवढी. अँटेना जास्तीत जास्त 30 मीटर उंच. सपाटीवर दहा-पंधरा किलोमीटर ऐकू येतं, आणि मध्ये डोंगर आला की संपलं. एफएमच्या लहरी सरळ जातात, डोंगराला वळसा घालत नाहीत.

मी तिला म्हटलं, ट्रान्समीटर काही अवघड नाही, मी बघते. दोन-तीन महिन्यांचं काम आहे. हे वाक्य तिने पुढची सहा वर्षं मला ऐकवलं.

ट्रान्समीटर खरोखर अवघड नाही. बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूरला राघव महातो नावाच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलाने 50 रुपयांच्या सामानात एफएम स्टेशन केलं होतं. आजूबाजूची गावं ते ऐकायची. 2006 साली त्याची बातमी जगभर झाली आणि त्यामुळेच ते बंद झालं. त्याच्याकडे परवाना नव्हता. परवाना लागतो हेही त्याला माहीत नव्हतं.

परवाना कशासाठी, तर 1885 च्या तार कायद्यासाठी. गंमत बघा, 1885 साली रेडिओचा जन्मही झाला नव्हता. तो कायदा तारेसाठी होता, पुढे बिनतारीही त्यात ओढली गेली, 1933 चा आणखी एक कायदा जोडीला आला. आपण लहान होतो तेव्हा तर रेडिओ ऐकायलाही लायसन्स लागायचं. आजोबांचं ते पोस्टातलं पुस्तक मी अजून जपून ठेवलंय. ऐकायचं लायसन्स यथावकाश गेलं. बोलायचं राहिलं. आता 2023 चा नवा दूरसंचार कायदा आलाय, पण आमची फाइल जुन्याच्याच सावलीत वाढली.

आता तुम्ही म्हणाल, सरकार नको तिथे नाक खुपसतं. मी इतकं सरसकट म्हणणार नाही. हवेतली जागा खरोखर मोजकी असते. एफएमचा पट्टा 88 ते 108 मेगाहर्ट्झ, आणि त्याच्या लगेच वर विमानांचा पट्टा सुरू होतो. कोणीही उठून वाट्टेल तिथे वाट्टेल तेवढ्या ताकदीने बोलायला लागलं तर विमान उतरवणाऱ्याच्या कानात भजन वाजेल. मनोरा कुठे, उंच किती, लहर कोणती, हे कुणीतरी बघायलाच हवं. इंजिनिअर म्हणून माझी त्याला ना नाही. माझा आक्षेप दुसऱ्याच गोष्टीला आहे, त्याच्याकडे येते.

आपल्याकडे हे दार उघडायला एक क्रिकेटची स्पर्धा कारणीभूत झाली. तिच्या प्रक्षेपणावरून खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि फेब्रुवारी 1995 मध्ये निकाल लागला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती सरकारची मक्तेदारी नव्हे. त्या पीठात आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. निकाल झाला, पण सरकारने 2002 च्या अखेरीस परवानगी दिली ती फक्त शिक्षणसंस्थांना. पहिलं स्टेशन 2004 मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात. खेड्यातल्या संस्थांना दार उघडलं नोव्हेंबर 2006 मध्ये. निकालापासून पावणेबारा वर्षं. त्या वर्षांत लोक काय करत होते? कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या बुदिकोटेला 'नम्म ध्वनी' म्हणून केंद्र होतं, त्यांनी हवेत बोलायची बंदी म्हणून केबल टाकून आवाज घरोघरी नेला. तेलंगणात झहीराबादजवळ दलित बायकांनी 1998 च्या सुमारास युनेस्कोच्या मदतीने स्टुडिओ उभा केला. ट्रान्समीटर होता, लावायची परवानगी नव्हती. दहा वर्षं त्या कॅसेट भरून बैठकांमध्ये वाजवत राहिल्या. 15 ऑक्टोबर 2008 ला त्यांचं 'संगम रेडिओ' सुरू झालं. चालवणाऱ्या दोघी, आणि दोघींचंही नाव नरसम्मा. मी माझ्या मैत्रिणीला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, 'धा वर्षं? मग आपलं लवकरच होईल.' तिच्या आशावादाला तोड नाही.

तर 2019 मध्ये आम्ही अर्ज केला. फी 2,500 रुपये. पुढे करार करताना 25,000 रुपयांची बँक हमी. लहरीचं वार्षिक शुल्क. ते 2012 मध्ये 19,700 वरून एकदम 91,000 केलं होतं, देशभरच्या छोट्या स्टेशनांनी आरडाओरडा केला तेव्हा परत खाली आणलं. पैसे लागतात, यंत्रं तर लाखांत जातात, पण बायकांनी पैसे उभे केले. बचत गटाच्या बायकांना पैशाची भीती नसते. आम्ही अडलो ते कागदांवर.

अर्ज माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे जातो. तिथून गृह, संरक्षण अशा खात्यांकडे मतासाठी. संस्था नोंदणी होऊन तीन वर्षं झालेली हवी, राजकीय पक्षाशी संबंध नको, तीन वर्षांचे हिशेब हवेत. शिवाय प्रत्येक विश्वस्ताची पूर्ण माहिती. आमच्या अकरा विश्वस्त, सगळ्या बायका. आधार कार्डावर नाव नवऱ्याचं, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं, बँकेत तिसरंच. 'सुमन'चं इंग्रजीत चार प्रकारे स्पेलिंग. तहसील कचेरीतून प्रतिज्ञापत्रांचा गठ्ठा केला. तो पाठवला आणि पाच महिन्यांनी दिल्लीतल्या एका कचेरीतून फोन आला. बोलणारे गृहस्थ फार अदबीने बोलत होते. म्हणाले, मॅडम, आपके ग्यारह ट्रस्टी में से सात की जन्मतारीख एकच आहे. ये कैसे?

तुम्ही हसताय, कारण तुम्हाला माहीत आहे. 1 जून. गुरुजी, राग मानू नका, पण त्या पिढीतल्या पोरींना शाळेत घालताना आईला तारीख सांगता यायची नाही, आणि तुम्ही शाळा सुरू व्हायच्या हिशेबाने 1 जून टाकून मोकळे व्हायचात. अख्ख्या तालुक्यात निम्मी माणसं 1 जूनला जन्मलेली आहेत. हे दिल्लीतल्या माणसाला हिंदीतून समजावताना मला घाम फुटला. सुरक्षेच्या दृष्टीने तपासणी करणाऱ्या माणसाला एकाच दिवशी जन्मलेल्या सात बायका मिळून लहरी मागतायत म्हटल्यावर शंका येणारच, त्याचा काय दोष? शेवटी आपल्या शाळेच्या मुख्याध्यापक बाईंनी पत्र दिलं की या भागात अशी प्रथा होती. शाळेच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह. त्या पत्राने काम झालं. म्हणजे खोड शाळेने केली आणि निस्तरलीही शाळेनेच.

मग कोरोना आला. त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. फाइल कुठल्या टेबलावर किती महिने होती हेही सांगत बसत नाही. पण त्या काळात काय झालं ते सांगते. आम्ही सहा मुलींना तयार केलं होतं. बोलायला, रेकॉर्डिंग करायला, मोबाइलवर आवाज कापायला-जोडायला. त्यातल्या चौघींची लग्नं झाली. एक कोइमतूरला गेली, नवरा गलाईच्या धंद्यात. एक नवी मुंबईला. कागद दिल्लीत थांबतो, पण गावातली मुलगी काही थांबत नाही. चौथीचा लग्नाचा टिळा होता त्या दिवशी मैत्रिणीने मला फोन केला आणि पहिल्यांदाच म्हणाली, 'राहू दे गं, सोडून देऊ.' मी काहीतरी समजूत काढली. खरं सांगायचं तर मलाही सोडावंसंच वाटत होतं. फक्त ते मी बोलले नाही, कारण 'दोन-तीन महिन्यांचं काम आहे' हे वाक्य माझं होतं.

2022 च्या सुरुवातीला इरादापत्र आलं. म्हणजे तत्त्वतः होकार. आणि त्यात अट की एका महिन्याच्या आत लहर आणि मनोऱ्याची जागा यांसाठी पुढचा अर्ज करायचा, नाहीतर पत्र रद्द. त्यांना पावणेतीन वर्षं आणि आम्हाला तीस दिवस! जागेचा सातबारा, ग्रामपंचायतीची ना हरकत, मनोऱ्याची उंची, आसपासची उंच झाडं-इमारती, आणि अक्षांश-रेखांश.

आता माझी गोष्ट ऐका. दिवसभर ऑफिसचं काम करून रात्री दोन वाजता मी तो अर्ज भरत होते. फोनच्या नकाशावर जागा आली 17.52 आणि 74.41. अर्जात रकाने होते अंश, मिनिटं, सेकंद. मी लिहिलं 17 अंश 52 मिनिटं आणि 74 अंश 41 मिनिटं. नलवडे... नाही, नावं घ्यायची नाहीत आज. आपल्या भूगोलाच्या सरांनी इथेच कान धरला असता. अंशाची मिनिटं साठ असतात, शंभर नव्हेत. 17.52 म्हणजे 17 अंश 31 मिनिटं. माझ्या हिशेबाने आमचा मनोरा सुमारे 48 किलोमीटर ईशान्येला जाऊन शिखर शिंगणापूरच्या जवळपास उभा राहिला. शंभूमहादेवाच्या दारात. कावडीच्या यात्रेला फार उपयोग झाला असता, पण सातबारा आमच्या गावचा होता.

नासाचं मंगळावर जाणारं एक यान 1999 मध्ये एककांच्या घोळातच गेलं, तेव्हापासून हे उदाहरण आम्ही नवीन पोरांना देतो. मी स्वतः देत आले आहे. आणि मी हे केलं. चूक लक्षात येऊन दुरुस्त होईपर्यंत आणखी पाच महिने गेले. त्याचा दोष कुठल्याही कचेरीचा नाही.

पण त्यातून मला एक गोष्ट दिसली. हा सगळा खटाटोप इंग्रजीतून, पोर्टलवरून, ओटीपी येईल तसा, शहरातल्या माणसाने करायचा असा बेतलेला आहे. मैत्रिणीने ती जागा पावलांनी मोजलेली होती. कुठून कुठलं गाव दिसतं, कुठल्या वाडीला डोंगर आडवा येतो, तिला तोंडपाठ. पण अर्जात तिच्या माहितीला रकाना नव्हता. तो रकाना मी भरायचा होता, आणि मी तो चुकीचा भरला. देशात आज काही शे सामुदायिक रेडिओ आहेत, 2024 च्या फेब्रुवारीत सरकारी आकडा 481 होता. त्यातली कितीतरी स्टेशनं महाविद्यालयांची, विद्यापीठांची, कृषी विज्ञान केंद्रांची आहेत. जिथे कारकून आहे, संगणक आहे, दिल्लीला जाऊन यायची सोय आहे तिथे. बारामतीला आहे, पुणे विद्यापीठाचं आहे. चांगलं काम करतात, मी नावं ठेवत नाही. जत तालुक्यात जालिहाळला येरळावाणी आहे, तिथे संस्थेने चिकाटी धरली. पण ज्या गावाला पुण्यात इंजिनिअर झालेली मैत्रीण नाही, त्या गावाने काय करायचं? आणि ज्या गावाला ती आहे, तिचे अक्षांश चुकले तर?

असो. 2024 च्या संक्रांतीला स्टेशन सुरू झालं. आवाज अठरा गावांत जातो. आपल्या शाळेच्या गावात येत नाही, मध्ये डोंगर आहे. तुम्हाला वाईट वाटेल, पण मी लहरी वाकवू शकत नाही.

आता माझा खरा आक्षेप.

सामुदायिक रेडिओवर बातम्या द्यायला बंदी आहे. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, किंवा आपल्या भाषेत अनुवाद करून. स्वतःच्या नाही. मात्र हवामान, स्थानिक खेळ, जत्रा-उत्सव, परीक्षा, नोकरीच्या जाहिराती यांना बातम्या धरत नाहीत. पाणी, वीज, आपत्ती, साथीचे रोग यांची माहितीही देता येते, पण ती स्थानिक प्रशासनाने दिलेली हवी. शिवाय जे काही बोलाल त्याचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवायचं, केव्हाही मागितलं जाईल.

हे मी मैत्रिणीला वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'म्हणजे आठवीत मला जे येत होतं, ते आता पंचेचाळिसाव्या वर्षी करायचं नाही.'

मला यावर काही बोलता आलं नाही.

बंदीमागची भीती मला समजते. खेड्यात माइक कुणाच्या हातात जाईल हा प्रश्न खोटा नाही. निवडणुकीच्या आधी एका गटाने स्टेशन ताब्यात घेतलं तर? दोन वाड्यांच्या भांडणात कुणी भडकवलं तर? पण त्याच गावात व्हॉट्सअ‍ॅपवर मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा रात्रीत तालुकाभर फिरते, तिला ना परवाना, ना बँक हमी, ना जन्मतारीख. आणि माझी मैत्रीण ओव्या गाते त्याची तीन महिने नोंद. 'व्हॉट्सअ‍ॅप आहे तर रेडिओ कशाला' असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगते, आमच्या अठरा गावांतल्या म्हाताऱ्यांपैकी कितीजणींच्या हातात स्वतःचा फोन आहे ते एकदा येऊन बघा. फोन नातवाकडे असतो. रेडिओ चुलीपाशी असतो, आणि त्याला रिचार्ज लागत नाही.

आता 2024 चा उन्हाळा. कसा होता ते तुम्हाला सांगायला नको. टँकरवर गावं होती. आमच्या स्टेशनवर रोज सकाळी सात वाजता टँकरचं वेळापत्रक वाचलं जायचं. ग्रामपंचायतीकडून कागद येई, मैत्रीण वाचे. अमक्या वाडीला दहा वाजता, तमक्या वस्तीला दोन वाजता. बायका त्याप्रमाणे मजुरीची वेळ ठरवत. नाहीतर दिवसभर घागरी घेऊन रस्त्यावर बसायचं आणि त्या दिवसाची हजेरी बुडवायची. एका बाईने आम्हाला सांगितलं की या महिन्यात माझे चार दिवस वाचले. चार दिवसांची मजुरी म्हणजे काय ते ती जाणे.

मे महिन्यात एका वस्तीचा टँकर बंद झाला. कागद आला नाही, टँकरही आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मैत्रिणीचा मला सकाळी साडेसहाला फोन. 'आज सांगते मी, की टँकर आलेला नाही.'

मी म्हटलं, नाही सांगायचं. टँकर येणार ही माहिती. टँकर आला नाही ही बातमी.

'खरं असलं तरी?'

खरं असलं तरी. सहा वर्षांचे कागद, अकरा बायकांच्या सह्या, 25,000 ची हमी. हे सगळं जाईल. मी पुण्यात माझ्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात उभी होते. नळ चालू होता, हे मला नंतर आठवलं. तिला ओरडून सांगितलं की हात जोडते, यात पडू नकोस. तिने फोन ठेवला.

सात वाजता तिने काय केलं ते मला ध्वनिमुद्रणावरून कळलं, कारण आमचं स्टेशन पुण्यात ऐकू येत नाही. तिने नेहमीप्रमाणे वेळापत्रक वाचलं. अमकी वाडी दहा वाजता. तमकी वाडी दोन वाजता. मग त्या वस्तीचं नाव घेतलं आणि म्हणाली, 'या वस्तीच्या टँकरबद्दल ग्रामपंचायतीकडून आजची माहिती आमच्याकडे आलेली नाही. आली की लगेच सांगू.' आणि पुढे हवामान.

दुसऱ्या दिवशी सात वाजता पुन्हा तेच. शब्द न शब्द तोच, आवाज तोच, परिपाठातला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्या दिवशी दुपारी ग्रामपंचायतीचा माणूस स्वतः स्टेशनवर आला. हातात कागद, त्यावर वेळ, सही आणि शिक्का. म्हणाला, ताई, उद्या सकाळी हे आधी वाचा.

हे नियमात बसतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. प्रशासनाने दिलेली माहिती सांगायची असते. प्रशासनाने माहिती दिली नाही, ही कुणी दिलेली माहिती? वकील असलेले आपले दोन वर्गमित्र इथे आहेत, जेवताना त्यांनी यावर जरूर भांडावं. मी कुणाला विचारलेलं नाही, आणि आता हे स्मरणिकेत छापून आलं की विचारायचा प्रश्नच राहणार नाही.

जाता जाता एक काम. नियम पूर्वीपेक्षा थोडे सैल झालेत. 2024 च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांत परवानगी पाचाऐवजी दहा वर्षांची झाली आहे, तासाला 12 मिनिटं जाहिराती घेता येतात, दहा सेकंदांना 74 रुपये हा सरकारी जाहिरातींचा दर. ज्यांची दुकानं आहेत, दवाखाने आहेत, गलाईची पेढी आहे, त्यांनी जाहिरात द्यावी, पावती मिळेल. घरात जुने ट्रान्झिस्टर पडले असतील तर ते आणून द्यावेत, चालत नसले तरी चालतील. दुरुस्त करायला आता आमच्याकडे दोन मुली आहेत. आणि कोणाला दर महिन्याला एक दिवस पोर्टलवर बसून अर्ज भरायला मदत करायची असेल तर सांगा. अक्षांश-रेखांश मी भरणार नाही, एवढं आश्वासन देते.

त्या तीन सकाळींचं ध्वनिमुद्रण स्टेशनवर आहे. नियमाप्रमाणे तीन महिने ठेवायचं असतं. ते तीन महिने केव्हाच उलटले. तिने अजून पुसलेलं नाही.